साठा वाढला म्हणजे विसर्ग वाढला असं नाही: पेशीतला फ्लक्स कसा काढायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही ई. कोलाय या जिवाणूमध्ये पेंटोज फॉस्फेट मार्गाचा (साखर फोडण्याच्या एका वाटेचा) पहिला एन्झाइम, म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, प्लाझ्मिडवर (डीएनएच्या जादा वर्तुळावर) टाकून वाढवलात. एलसी-एमएसवर (पेशीतल्या रेणूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) ६-फॉस्फोग्लुकोनेट, म्हणजे या वाटेवरचा मधला रेणू, मूळ स्ट्रेनच्या चौपट आलं, पायरुव्हेट जवळपास दुप्पट. गाइड म्हणतात, "या मार्गाचा फ्लक्स वाढला असं लिहून टाका." तुम्हाला ते पटत नाहीये. शिवाय विचारलंय की फ्लक्स, म्हणजे मार्गातून माल वाहण्याचा वेग, खरंच मोजायचा तर कसा, लेबल केलेलं (जड कार्बन घातलेलं) ग्लुकोज महाग आहे, मग लॅपटॉपवर एफबीए (फ्लक्स बॅलन्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे संगणकावरच्या मॉडेलनं फ्लक्सचा अंदाज) करून भागेल का.

तुमची शंका रास्त आहे. तसं लिहू नका, निदान आत्ता तरी. परीक्षक जरा चिकट निघाला तर व्हायव्हाचा अर्धा तास याच एका वाक्यावर जाईल.

पुण्यात राहता, तेव्हा पावसाळ्यातलं वर्तमानपत्र आठवा. खडकवासला साखळीचे दोन आकडे रोज छापून येतात. एक टीएमसीमध्ये, म्हणजे साठा. दुसरा क्युसेकमध्ये, म्हणजे विसर्ग. या दोन आकड्यांची गल्लत कुठलाही पुणेकर करत नाही. पानशेत काठोकाठ भरलंय आणि दरवाजे बंद आहेत, तर नदीत पाणी नाही. भिडे पूल पाण्याखाली जाणार का, हे साठ्यावरून नाही, विसर्गावरून ठरतं. हेच आपण प्रयोगशाळेत शिरलो की विसरतो. एलसी-एमएसनं दिलेला आकडा टीएमसीतला आहे आणि गाइड तो क्युसेक म्हणून वाचतायत.

याच साखळीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वरसगावची क्षमता सुमारे १२.८ टीएमसी, पानशेतची १०.६, टेमघरची ३.७. आणि खुद्द खडकवासला? दोन टीएमसीलाही जरा कमीच. पण वरच्या तिन्ही धरणांचं पाणी याच लहानशा धरणातून पुढे जातं. वीस हजार क्युसेकनं सोडलं आणि वरून काहीच आलं नाही, तर खडकवासला साधारण सत्तावीस तासांत रिकामं होईल, पानशेतला सहा दिवस लागतील. पेशीतही असंच असतं. ई. कोलायमध्ये ग्लुटामेटचा साठा भलामोठा. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट मात्र इतकं कमी की ते धड मोजताही येत नाही, आणि क्रेब्स चक्राचा सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो. साठ्याच्या आकारावरून प्रवाहाचा अंदाज बांधू नये, तो दोन्हीकडे फसवतो.

याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये मिळेल. रक्तातली साखर तपासायला रक्त राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, कारण त्यात सोडियम फ्लोराइड असतं. ते ग्लायकोलिसिसमधल्या, म्हणजे साखर फोडण्याच्या मुख्य मार्गातल्या, इनोलेज या एन्झाइमला अडवतं, म्हणजे ट्यूबमध्ये पडून असताना रक्तपेशी साखर खात राहत नाहीत आणि रिपोर्ट खोटा कमी येत नाही. आता त्या अडवलेल्या पेशींमध्ये डोकावलं, तर इनोलेजच्या अलीकडची फॉस्फोग्लिसरेटं तुंबलेली दिसतील. साठा वर, प्रवाह खाली. तुमच्या गाइडच्या नियमानं इथे "ग्लायकोलिसिसचा फ्लक्स वाढला" असं लिहावं लागेल.

तुमच्या स्ट्रेनमध्ये ६-फॉस्फोग्लुकोनेट चौपट का झालं असेल? एक शक्यता गाइड म्हणतात ती, वरून खरंच जास्त येतंय. दुसरी, तुम्ही पहिला दरवाजा मोठा केलात पण पुढचा एन्झाइम, ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजिनेज, तेवढाच राहिला, म्हणून मधे पाणी तुंबलं. तिसरी शक्यता बहुतेक जण विसरतात. ६-फॉस्फोग्लुकोनेटवरून एक आडवाटही फुटते, एंटनर-डुडोरॉफ मार्ग. ई. कोलाय ग्लुकोजवर असताना ती वाट सहसा फारशी वापरत नाही, पण तोंडाशी चौपट माल साठल्यावर थोडा तिकडे वळला नसेल असं छातीठोक कोण सांगणार? आणि ती वाट थेट पायरुव्हेटला जाऊन मिळते. तुमचं पायरुव्हेट वाढलंय, हे लक्षात ठेवा. पुढे यावर परत येतो.

आता मुख्य मुद्दा. पेशीच्या आतला फ्लक्स कोणी मोजत नाही, तो काढावा लागतो. मोजता येतं ते फक्त पेशीच्या वेशीवरचं: आत किती साखर गेली, बाहेर किती अ‍ॅसिटेट आणि कार्बन डायऑक्साइड आला, वजन किती वाढलं. बाकी सगळं गणित, आणि ते गणित या वेशीवरच्या आकड्यांवर उभं असतं. पंचवीसेक वर्षांत, आधी पिंपरीकडच्या एका कारखान्यात फर्मेंटरवर आणि मग पाषाणकडे प्रयोगशाळेत, मी जेवढे बिघडलेले फ्लक्स पाहिले त्यातले निम्म्याहून अधिक महागड्या यंत्रामुळे बिघडलेले नव्हते. ओडी (कल्चर किती गढूळ, त्यावरून पेशींचा अंदाज), पिपेट आणि कोरडं वजन, इथेच घोळ झालेला असायचा.

म्हणून आधी फ्लास्कपासून सुरुवात करू. समजा एम९ मीडियात २० मिलिमोलर ग्लुकोज आहे. सकाळी ओडी ०.२, तीन तासांनी १.६. आठपट, म्हणजे तीन वेळा दुप्पट, दर तासाला एकदा. वाढीचा दर ०.६९ प्रति तास. आमच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर १ ओडीला लिटरमागे ०.४ ग्रॅम कोरडं वजन येतं असं धरू. (तुमच्यावर वेगळं येईल. पेपरमधला आकडा उचलू नका, स्वतः पेलेट वाळवून काढा. हा आकडा दहा टक्के चुकला तर पुढचा प्रत्येक फ्लक्स दहा टक्के चुकतो.) म्हणजे वजन लिटरमागे ०.०८ वरून ०.६४ ग्रॅम झालं, वाढ ०.५६ ग्रॅम. ग्लुकोज २० वरून १३ मिलिमोलवर आलं, ७ खर्च झालं. एका मिलिमोलमागे ०.०८ ग्रॅम पेशी. ०.६९ भागिले ०.०८, म्हणजे ग्लुकोज आत जाण्याचा वेग सुमारे ८.७ मिलिमोल, प्रति ग्रॅम कोरडं वजन, प्रति तास. अ‍ॅसिटेट ३.५ मिलिमोल झालं असेल तर त्याचा वेग ४.३.

आता हिशेब जुळतो का ते बघायचं. कार्बनची वही मांडायची, किराणा दुकानदार मांडतो तशी. आत आले ७ गुणिले ६, म्हणजे ४२ मिलिमोल कार्बन. अ‍ॅसिटेटमध्ये ७ गेले. पेशींच्या कोरड्या वजनात साधारण ४८ टक्के कार्बन धरला तर ०.५६ ग्रॅममध्ये २२.४ मिलिमोल. उरले १२.६, ते कार्बन डायऑक्साइड झाले असं म्हणायचं. पण "म्हणायचं" हीच ग्यानबाची मेख आहे. शेकरवरच्या फ्लास्कमध्ये वायू मोजत नाही, त्यामुळे जे जुळत नाही ते सगळं कार्बन डायऑक्साइडच्या खात्यावर टाकलं जातं. फॉर्मेट, लॅक्टेट, सक्सिनेट काही बाहेर पडत असेल तर तेही गुपचूप त्याच खात्यात. म्हणून एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) फक्त अ‍ॅसिटेटचं स्टँडर्ड लावून थांबू नका, सगळी सेंद्रिय आम्लं बघा. ऑफ-गॅस मोजणारा लहान फर्मेंटर कुठे दोन दिवस मिळाला, तर एकदा तरी कार्बनचा हिशेब खराखुरा जुळवून घ्या. ९५ ते १०५ टक्क्यांत आला की पुढे जायचं, नाही आला तर लेबलला हात लावायचा नाही.

केमोस्टॅट (ताजा मीडिया सतत आत आणि तेवढंच कल्चर सतत बाहेर, अशी टाकी) लावणार असाल तर एक स्थानिक सूचना. स्थिर अवस्थेसाठी निदान पाच रेसिडेन्स टाइम (टाकीभर मीडिया आत यायला लागणारा वेळ) थांबावं लागतं. डायल्यूशन रेट, म्हणजे मीडिया बदलण्याचा वेग, ताशी ०.१ असेल तर पन्नास तास. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असण्याची शक्यता धरून रन आखा. कंडेन्सरचं पाणी गेल्यामुळे चाळिसाव्या तासाला बंद कराव्या लागलेल्या केमोस्टॅटचं दुःख मी जाणतो. तुमच्या कामाला मात्र केमोस्टॅट लागणारच नाही. एक्स्पोनेन्शियल फेजमधला साधा फ्लास्क पुरे.

वेशीवरचे आकडे मिळाले, तरी आत साखर कुठल्या वाटेनं गेली हे कळत नाही. ग्लायकोलिसिस आणि पेंटोज फॉस्फेट, दोन्ही वाटा पुढे एकत्र होतात. सिंहगडावर पायवाटेनं आलात की गाडीनं, वर पोहोचलेल्याकडे नुसतं बघून कसं कळणार? बुटांना चिखल आहे का ते बघायचं. लेबल म्हणजे हा चिखल. कल्पना जुनीच आहे. १९३० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी जड हायड्रोजन असलेली चरबी उंदरांना खाऊ घातली, आणि प्राण्याचं वजन तसूभर हललं नाही तरी आतला माल सतत बदलत असतो हे दाखवून दिलं. आपण कार्बन-१३ वापरतो. तो किरणोत्सारी नाही, निसर्गात १.१ टक्के असतोच, आणि मास स्पेक्ट्रोमीटरला एक डाल्टनचा फरक दिसतो.

तुमच्या प्रश्नाला पहिल्या कार्बनवर लेबल असलेलं ग्लुकोज बरोबर लागू पडतं. का ते बघा. ग्लायकोलिसिसनं गेलेल्या एका ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट होतात, त्यातल्या एकावर लेबल येतं. म्हणजे सगळं याच वाटेनं गेलं तर ५० टक्के पायरुव्हेट लेबलवाले. पेंटोज फॉस्फेटच्या वाटेवर मात्र पहिलाच कार्बन टोल म्हणून द्यावा लागतो, तो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. पुढे जातं ते सगळं कोरं. तीन ग्लुकोज या वाटेनं गेले तर तीन कार्बन जाऊन पाच पायरुव्हेटइतका माल उरतो. समजा ३० टक्के ग्लुकोज पेंटोज फॉस्फेटनं गेलं. शंभर ग्लुकोजमागे लेबलवाले पायरुव्हेट ७०, एकूण पायरुव्हेट १४० अधिक ५०, म्हणजे १९०. सत्तर भागिले एकशे नव्वद, ३६.८ टक्के. उलट बाजूनं वाचायचं: लेबल ३६.८ टक्के दिसलं तर ३० टक्के साखर त्या वाटेनं गेली. खऱ्या नेटवर्कमध्ये यापेक्षा गुंतागुंत असते. पेंटोज न्यूक्लिओटाइडसाठी काढून घेतले जातात, ट्रान्सकीटोलेज उलटसुलट चालतो, फ्रुक्टोज-६-फॉस्फेट मागे वळतं. त्यासाठी सॉफ्टवेअर आहे. पण हातानं हे एकदा केल्याशिवाय सॉफ्टवेअरचा निकाल वाचता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पायरुव्हेटचं लेबल बघायला पायरुव्हेट पकडावं लागत नाही, हा या पद्धतीतला सगळ्यात सुखाचा भाग. पेशीतल्या लहान रेणूंचा साठा सेकंदांत बदलतो. नमुना काढून पिपेटमध्ये घेईपर्यंत आतलं चित्र वेगळं झालेलं असतं. थंड मेथॅनॉलमध्ये टाकून गोठवायला गेलात तर ई. कोलायची भिंत गळते आणि माल बाहेर जातो. (तुमचे चौपट आणि दुप्पट कुठल्या क्वेंचिंगनं (पेशी झटकन थांबवण्याच्या पद्धतीनं) आले ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेही एकदा तपासा, दोन्ही स्ट्रेन सारख्याच गळतात असं नाही.) प्रथिनं मात्र कुठे पळत नाहीत. अ‍ॅलनीन थेट पायरुव्हेटपासून बनतं आणि प्रथिनात जाऊन बसतं, जणू हजेरीपटावर सही. पेलेट सावकाश धुवा, ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर रात्रभर ठेवा, प्रथिनं तुटून अमिनो आम्लं मोकळी होतात. ट्रिप्टोफॅन आणि सिस्टीन यात मरतात, अ‍ॅस्परजिनचं अ‍ॅस्पार्टेट होतं, ग्लुटामिनचं ग्लुटामेट. आपल्याला लागणारी बाकीची टिकतात.

मग वाळवायचं आणि टीबीडीएमएस डेरिव्हेटिव्ह करून (म्हणजे सिलिकॉन असलेला गट जोडून, अमिनो आम्लांची वाफ होईल असं करून) जीसी-एमएसवर (वाफेतले रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) घालायचं. वाळवायचं म्हणजे खरंच वाळवायचं. जुलैमध्ये पुण्यात कपाटातलं मीठसुद्धा ओलं होतं, आणि सिलिलेशनच्या रिएजंटला ओलावा मुळीच चालत नाही. डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल गुलाबी दिसलं तर त्या दिवशी डेरिव्हेटायझेशन करू नका, आधी ते ओव्हनमध्ये भाजून घ्या. पावसाळ्यात पीक निम्मे का येतात यावर आम्ही एकदा तीन आठवडे डोकं खाजवलं होतं. शेवटी कारण निघालं झाकणाच्या जुन्या सेप्टमचं.

आता क्रोमॅटोग्रामवर अ‍ॅलनीनपाशी थांबू. दोन आयन तुमच्या कामाचे, वस्तुमान २६० आणि २३२. २६० मध्ये अ‍ॅलनीनचे तीनही कार्बन असतात. २३२ मध्ये पहिला कार्बन गळालेला असतो, दुसरा-तिसरा उरतो. मघाशी आडवाट म्हटली, ती इथे पकडता येते. ग्लायकोलिसिसनं आलेलं लेबल पायरुव्हेटच्या तिसऱ्या कार्बनवर बसतं. एंटनर-डुडोरॉफनं आलेलं लेबल पहिल्या कार्बनवर. २६० च्या शेजारच्या २६१ मध्ये (एका लेबलानं एक डाल्टन जड झालेल्या आयनात) दोन्ही सारखेच दिसतात, नुसतं तेवढंच बघणाऱ्याला ही वाट कळणारच नाही. पण पहिल्या कार्बनवरचं लेबल २३३ मध्ये दिसत नाही, तिसऱ्यावरचं दिसतं. दोन्हीकडचं प्रमाण सारखं आलं तर आडवाट बंद आहे. २६० च्या बाजूला जास्त आणि २३२ च्या बाजूला कमी आलं तर तुमचं वाढलेलं पायरुव्हेट कुठून आलं याचा धागा हाती लागला. क्रेब्स चक्रातून परत आलेलं थोडं लेबल इथेही गोंधळ घालतं, पण मोठा फरक असेल तर लपत नाही.

हे प्रमाण काढण्याआधी एक दुरुस्ती हवीच. लेबल मुळीच न दिलेल्या अ‍ॅलनीनमध्येही २६१ चा पीक २६० च्या सुमारे २३ टक्के असतो. निम्मा वाटा आयनातल्या अकरा कार्बनांतल्या नैसर्गिक कार्बन-१३ चा, आणि बराचसा उरलेला सिलिकॉनचा, कारण टीबीडीएमएसबरोबर दोन सिलिकॉन येतात आणि सिलिकॉन-२९ निसर्गात ४.७ टक्के आहे. दुरुस्ती न करता आकडे टाकणारे प्रबंध मी पाहिलेत, आणि त्यांत पेंटोज फॉस्फेटचा फ्लक्स उणे आलेला असूनही कोणाच्या भुवया उंचावल्या नव्हत्या. म्हणून कोऱ्या ग्लुकोजवरचा नमुना दर वेळी सोबत चालवायचा. तुमचं यंत्र खरं बोलतंय का, हे तोच सांगतो.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही तीच करणार याची मला जवळजवळ खात्री आहे. पहिल्यांदा लेबलचा प्रयोग केला तेव्हा सगळं काटेकोर केलं, पण इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीला घातलेलं विरजण, साध्या ग्लुकोजवर वाढवलेला होता. ओडी ०.२ पासून सुरू केलं, १.६ ला पेशी काढल्या. वरच्या उदाहरणातले आकडे तिथलेच आहेत. ०.२ भागिले १.६ म्हणजे साडेबारा टक्के. काढलेल्या पेशींतला आठवा हिस्सा जुन्या, कोऱ्या प्रथिनाचा होता. खरं लेबल ३६.८ टक्के असलं तर मोजताना ३२.२ दिसतं. ३२.२ गणितात घातले की पेंटोज फॉस्फेटचा वाटा ३० ऐवजी ४० टक्के निघतो. मी ४० टक्के लिहिले, सेमिनारही दिला. टाळ्या पडल्या. चार महिन्यांनी दुसऱ्या कोणीतरी तोच स्ट्रेन ०.०१ ओडीपासून वाढवला आणि त्याला ३० आले, तेव्हा मी आधी त्याच्या पिपेटला नावं ठेवली. मग घरी येऊन वही उघडली.

उपाय सोपा: इनॉक्युलम त्याच लेबलवर वाढवा, किंवा इतक्या कमी ओडीनं सुरुवात करा की जुना हिस्सा एक टक्क्यावर येईल, आणि उरलेल्याची दुरुस्ती गणितात करा. एलबी या यीस्ट एक्स्ट्रॅक्टवाल्या मीडियामधून थेट तर कधीच नको. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधली आयती अमिनो आम्लं पेशी आनंदानं खातात आणि तुमचा हजेरीपट खोटा होतो.

खर्चाचं म्हणाल तर बाऊ करण्यासारखं काही नाही. लेबल फर्मेंटरमध्ये घालायचंच नसतं. २० मिलिमोलर ग्लुकोज म्हणजे लिटरला ३.६ ग्रॅम. दहा मिलीच्या कल्चरला ३६ मिलिग्रॅम लागतं. एका ग्रॅममध्ये सत्तावीस कल्चर होतात. तुम्हाला लागणार नऊ: दोन स्ट्रेन आणि रिकाम्या प्लाझ्मिडचा कंट्रोल, प्रत्येकी तीन. वेशीवरचे आकडे साध्या ग्लुकोजवर मोठ्या फ्लास्कमध्ये काढायचे, लेबलचं काम लहान नळीत, पण हवा दोन्हीकडे सारखी मिळाली पाहिजे. जीसी-एमएससाठी पुण्यात फार वणवण करावी लागत नाही. पाषाण रस्त्याचा तो पट्टा आणि विद्यापीठाचं आवार एवढ्यात सोय होते. पैसे थोडे जास्त असतील तर पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही कार्बनवर लेबल असलेलं ग्लुकोज घ्या. त्यात ग्लायकोलिसिसचं पायरुव्हेट दोन लेबल घेऊन येतं आणि पेंटोज फॉस्फेटचं एक, म्हणजे वाटा एकमेकींपासून आपोआप सुट्या होतात.

एफबीएचं काय? लॅपटॉपवर कोब्रापाय हे सॉफ्टवेअर चालवून जरूर बघा. ई. कोलायच्या लहान, कोअर मॉडेलमध्ये ९५ अभिक्रिया आणि ७२ रेणू आहेत, काही सेकंदांत उत्तर येतं. ग्लुकोज १० दिलं आणि ऑक्सिजन मोकळा सोडला तर वाढीचा दर ०.८७ सांगतं. पण हे मॉडेल सांगतं ते शक्य तितकं उत्तम काय करता येईल ते, पेशीनं प्रत्यक्षात काय केलं ते नव्हे. त्याच रनमध्ये अ‍ॅसिटेट किती निघतं बघा: शून्य. तुमच्या फ्लास्कमध्ये मात्र अ‍ॅसिटेट असणारच, भरपूर साखर मिळाली की ई. कोलाय ते सांडतोच. आणि तुमच्यासाठी त्याहून मोठी अडचण ही, की मॉडेलला तुमचा प्लाझ्मिड दिसतच नाही. तो एन्झाइम त्याच्यात आधीपासून आहे. किती आहे, हे त्याला ठाऊक नसतं. मूळ स्ट्रेन आणि तुमचा स्ट्रेन, दोघांना ते एकच उत्तर देईल. मग फरक कुठून दाखवणार? मोजलेले वेशीवरचे आकडे बंधनं म्हणून घातलेत आणि फ्लक्स व्हेरिएबिलिटी चालवलीत, तर प्रत्येक अभिक्रियेला किती मोकळीक उरते ते कळेल. पेंटोज फॉस्फेटला भलीमोठी मोकळीक उरलेली दिसेल, आणि लेबल का लागतं हे गाइडना पटवायला तो आलेख फार उपयोगी पडेल.

निकाल आल्यावर दोन ठिकाणी घाई करू नका. एक, मोजताना किती चूक होऊ शकते ते. लेबल मोजण्यात एक टक्क्याची चूक झाली तर वरच्या गणितात पेंटोज फॉस्फेटच्या वाट्यात दोन टक्क्यांहून जरा जास्त चूक होते. तीन फ्लास्कवर ३० विरुद्ध ३३ आले तर त्याला फरक म्हणू नका. दोन, टक्क्यांतला वाटा आणि प्रत्यक्ष वेग वेगळे. मूळ स्ट्रेन ८.७ नं साखर घेतो आणि ३० टक्के त्या वाटेनं पाठवतो, म्हणजे २.६. प्लाझ्मिडच्या ओझ्यानं तुमचा स्ट्रेन मंदावला, ६ नंच घेऊ लागला आणि ४० टक्के पाठवू लागला, तर झाले २.४. टक्का वाढला, फ्लक्स घटला! हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून रिकामा प्लाझ्मिड असलेला कंट्रोल हवा, नुसता मूळ स्ट्रेन चालणार नाही.

जाता जाता, तुमची मैत्रीण ज्या कॅन्सर पेशींवर काम करते, त्यांच्या फ्लक्सबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. तिथे तत्त्व हेच, पण तपशील पुष्कळ वेगळा. सीरममध्ये स्वतःचं ग्लुकोज आणि अमिनो आम्लं असतात, म्हणून डायलाइज केलेलं सीरम घ्या. लेबल ग्लायकोलिसिसमध्ये मिनिटांत भिनतं, क्रेब्स चक्रात तास लागतात. पाचही कार्बनवर लेबल असलेलं ग्लुटामिन दिलं आणि सायट्रेटवर पाच लेबल दिसले, की लोक "चक्र उलटं फिरलं" म्हणून नाचू लागतात. आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज दोन्ही दिशांना चालतो, नुसती ये-जा असली तरी ते पाच लेबल दिसतात. निव्वळ प्रवाह उलटा आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं. आणि सीहॉर्सवर (पेशी किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणाऱ्या यंत्रावर) मिळणारा ऑक्सिजनचा आकडा हा वेशीवरचाच आकडा आहे, आतला नाही.

गाइडचं कसं करायचं? "सर, तुमचं चुकतंय" असं म्हणून काही साधत नाही, हे मी गाइड झाल्यावर मला जास्त कळलं. प्रबंधात सध्या एवढंच लिहा: ६-फॉस्फोग्लुकोनेटची पातळी चौपट वाढली, हे या मार्गाचा प्रवाह वाढण्याशी सुसंगत आहे, तसंच पुढच्या पायरीवरच्या अडथळ्याशीही. वाक्य सरांचंच राहतं आणि तुम्हीही अडकत नाही. "रेट-लिमिटिंग एन्झाइम (म्हणजे सगळ्या मार्गाचा वेग ज्या एकावर अडतो तो) वाढवल्यामुळे" हा शब्दप्रयोग मात्र काढून टाका. यीस्टमध्ये ग्लायकोलिसिसचे एन्झाइम १९८० च्या दशकातच वाढवून पाहिले गेले, इथेनॉलचा वेग काही वाढला नाही. नियंत्रण एका एन्झाइमकडे नसतं, ते साखळीभर वाटलेलं असतं, हे कॅक्सर आणि बर्न्स यांनी १९७३ सालीच गणितानं मांडलं होतं.

पुढच्या आठवड्यात लेबल न घालता नुसता साधा रन करा. दोन्ही स्ट्रेन, रिकाम्या प्लाझ्मिडचा कंट्रोल, दर अर्ध्या तासाला ओडी, आणि प्रत्येक वेळी सुपरनेटंट गाळून उणे वीसला. ग्लुकोज, अ‍ॅसिटेट आणि कोरडं वजन निघालं की आकडे मला पाठवा, वहीतले मूळ आकडे, एक्सेलमध्ये सरासरी काढलेले नव्हे. लेबलची ऑर्डर त्यानंतर द्या.